पोटरी उडते, झोपही उडते

नमस्कार मंडळी. डोळा लवण्यापासून सुरुवात करतो, कारण इथल्या प्रत्येकाचा तो कधी ना कधी लवलेला आहे. पुरुषाचा उजवा लवला तर चांगलं, बाईचा डावा लवला तर चांगलं, हे आपल्याकडे घरोघरी ठरलेलं. पाहुणे येणार, पैसा येणार, फार तर कुणाशी वाजणार. पापणीतला स्नायू तेव्हाही असाच फडफडायचा. आता तो रात्री दीड वाजता फडफडतो तेव्हा उशाशी मोबाइल असतो, आणि मोबाइल काही पाहुणे येणार असं सांगत नाही. तो सांगतो, एएलएस.

हे नाव ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात, तो हा आजार. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचं वर्णन केलं. अमेरिकेत तो लू गेरिग या बेसबॉलपटूच्या नावाने ओळखला जातो. त्याला १९३९ मध्ये निदान झालं आणि १९४१ मध्ये तो गेला. स्टीफन हॉकिंग तुम्हाला माहीत आहेतच. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची लाट आली होती, तीही याच आजाराच्या मदतीसाठी. बरं करणारं औषध आजही नाही. म्हणून याची भीती वाटणाऱ्याला मी कधी हसत नाही.

पण आजार विरळा आहे. लाख लोकांमागे वर्षाला साधारण दोन नवे रुग्ण, आणि त्यातले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. हॉकिंगना २१ व्या वर्षी निदान झालं आणि पुढे ते ५५ वर्षं जगले. दोन्ही गोष्टी अपवादच. लक्षात मात्र अपवादच राहतो.

आता या भीतीने माझ्याकडे येणारा माणूस कसा असतो ते सांगतो. हा कुणी एक नाही, अनेकांचा मिळून आहे. वय तिशी-पस्तिशी. झोप कमी, कॉफी भरपूर. गेल्या काही महिन्यांत घरात काहीतरी घडलेलं असतं. वडील आयसीयूत होते, किंवा बाळ झालंय, किंवा नोकरीचं काही खरं नाही. हातात जाड फाइल. पॅंट वर केली की पोटरीवर बॉलपेनाची निळी रेघ दिसते. ती कशाला? तर शिंप्याच्या टेपने रोज एकाच जागी माप घेता यावं म्हणून. "डॉक्टर, उजवी अर्ध्या सेंटिमीटरने कमी भरते." लिफ्टची वाट बघताना तो चवड्यांवर उभा राहून बघतो, पाय धरतोय ना. बाथरूमच्या आरशासमोर जीभ बाहेर काढतो आणि तिचा व्हिडिओ काढतो. शेजारी बायको गप्प बसलेली असते. तिला विचारलं की ती म्हणते, "रोज रात्री मला पोटरीवर हात ठेवून बसायला लावतात. आता उडाली का, आता उडाली का."

यातली एकेक गोष्ट घेऊ. दोन पोटऱ्या तंतोतंत सारख्या असलेला माणूस शोधून सापडणार नाही, आणि टेप जराशी तिरकी धरली तरी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. जीभ बाहेर काढून धरली की ती सगळ्यांचीच थरथरते, माझीही. म्हणून आम्ही ती तोंडातच सैल ठेवायला सांगतो आणि मग बघतो. आणि चवड्यांवर उभं राहणं? दिवसभर तेच केलं तर पोटरी दमते, आणि दमलेला स्नायू उडतो. म्हणजे स्नायू उडतोय का हे बघण्याच्या नादात आपणच तो उडवत असतो. त्यात भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या की पुन्हा मोबाइल. तेव्हा "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं घरच्यांनी म्हणू नये. स्नायू खरोखर उडतोय, मुंग्या खरोखर येताहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

स्नायू उडणं किती सर्रास असतं? १९६३ मध्ये अमेरिकेत धडधाकट लोकांना विचारून पाहिलं, तर सुमारे ७० टक्के लोक म्हणाले, होय, उडतो. पुढे तिथल्याच मेयो क्लिनिक या मोठ्या रुग्णालयाने ज्यांना नुसतं स्नायू उडण्याचं दुखणं होतं, बाकी तपासणीत काही नव्हतं, अशा १२१ जणांचा माग ठेवला. कुणाचा २ वर्षं, कुणाचा ३२ वर्षांपर्यंत. १९९३ मध्ये ते काम छापून आलं. त्या १२१ पैकी एकालाही एएलएस झाला नाही. आता गंमत ऐका. या भीतीत डॉक्टर आघाडीवर असतात. सिडनीच्या न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी, २०१३ मध्ये खास डॉक्टर मंडळींच्या या घबराटीवर शोधनिबंध लिहिला. अर्धवट वाचलेलं जितकं जास्त, तितकी झोप कमी, दुसरं काय!

मोबाइलला मी उगाच दोष देत नाही. मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये लोक इंटरनेटवर लक्षणं कशी शोधतात याचा अभ्यास छापला. त्यांनी निवडलेल्या लक्षणांत डोकेदुखी होती, छातीत दुखणं होतं आणि स्नायू उडणंही होतं. साध्या कारणांच्या मानाने दुर्मीळ, गंभीर आजार शोधात फारच पुढे येतात, असं त्यांना दिसलं. पानावर कशाचं नाव किती वेळा येतं, याचा तो आजार किती जणांना होतो याच्याशी संबंध नसतो.

मग आम्ही काय बघतो? स्नायू उडतो का, हे फार मागे. आम्ही बघतो काम होतंय का. "पायात जोर वाटत नाही" असं म्हणत तीन जिने चढून आलेला माणूस आणि "चप्पल पायातून निसटते, कळतसुद्धा नाही" असं म्हणणारा माणूस, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शर्टाचं बटण लागेना, किल्ली फिरेना, बोलणं जड झालं, पाणी पिताना ठसका लागायला लागला, हाताच्या अंगठ्याजवळचं मांस झडलं, आणि हे सगळं महिन्यागणिक वाढतंय, तर आम्ही कान टवकारतो. एएलएसच्या खऱ्या रुग्णाचा स्नायू उडत असतो, पण बऱ्याचदा त्याचं त्याला भानही नसतं. घरच्यांना किंवा आम्हालाच तो दिसतो. नीट तपासणी, लागलीच तर एक ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातल्या विद्युत लहरी बघायच्या, आणि विषय संपला पाहिजे.

संपत नाही, याला आम्ही डॉक्टरही जबाबदार आहोत. "तुमच्या समाधानासाठी एक एमआरआय करून टाकू" हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. समाधान होत नाहीच, वर मणक्याची एखादी गादी सरकलेली दिसते. ती चाळिशीत निम्म्या गावाची सरकलेली असते, पण रिपोर्टात छापली की नवी चिंता सुरू. इंग्लंडच्या साल्कोव्हस्किस आणि वॉरिक या संशोधकांनी १९८६ मध्येच हे मांडून ठेवलंय: अशा माणसाला धीर दिला की त्याला हायसं वाटतं, पण फार वेळ टिकत नाही आणि पुन्हा विचारण्याची ओढ वाढते. सावकाराचं व्याज फेडल्यासारखं आहे ते. आजचा दिवस निभावतो, मुद्दल जागच्या जागी.

उपाय आहे, आणि तो चांगला लागू पडतो. काउन्सेलिंग म्हणजे गोड बोलणं अशी आपली समजूत असते. इथे तसं काही नसतं. टेप कपाटात, पेनाची रेघ बंद, जिभेचे व्हिडिओ डिलीट. स्नायू उडाला तर उडू द्यायचा आणि भाजी चिरत राहायची. बायकोने "नाही उडाली" असंही म्हणायचं नाही, "उडाली" असंही नाही. पहिले काही दिवस जीव वर-खाली होतो, मग भीती आपोआप ओसरते. ब्रिटनमध्ये हृदयरोग, न्यूरॉलॉजी वगैरे ओपीडीत येणाऱ्या, आजाराच्या अशाच भीतीने ग्रासलेल्या ४४४ जणांवर पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी या उपचाराचा प्रयोग केला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये तो आला. थोड्याच बैठकांत फरक पडला आणि दोन वर्षांनंतरही टिकला. उपचार देणाऱ्यांत प्रशिक्षण दिलेल्या नर्स होत्या, आणि त्यांचं काम सगळ्यांत सरस ठरलं. आपल्याकडे हे सहज करता येण्यासारखं आहे, मनावर घेतलं तर. भीती फारच घट्ट बसली असेल तर डिप्रेशनची म्हणून दिली जाणारी औषधंही मदत करतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: "पुण्यात जीबीएस आला तेव्हा तुम्हीच म्हणालात, मुंग्या आल्या तर लगेच या. आता म्हणता, सारखे येऊ नका." बरोबर पकडलंत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात दूषित पाण्यातून आधी जुलाब आणि मग गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजेच हा जीबीएस झाला, तेव्हा लगेच येणंच शहाणपणाचं होतं. त्या आजारात पायातला जोर काही दिवसांत, कधी काही तासांत जातो, बधिरपणा वर चढतो, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हलत नाही. तिथे थांबणं धोक्याचं. वर्षभर तीच पोटरी तशीच उडतेय आणि माणूस रोज ऑफिसला जातोय, तिथे सहाव्या डॉक्टरकडे जाऊन हाती काही लागत नाही.

आणि समजा, तपासून झाल्यावर खरंच काही नवीन झालं तर? तर या की. नवीन म्हणजे काल होत होतं ते काम आज होत नाही. फोन करा, मी त्याच आठवड्यात बघतो. फक्त येताना टेप आणू नका.