गंधक: तिकडं आभाळातून, इकडं पोत्यातून

[दृश्य: जालना जिल्हा. मोसंबीची बाग, आळ्याजवळ उकरलेली माती.]

मातीत हे पांढरे खडे दिसतायत ना, ती चुनखडी. खड्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका, लगेच फसफसतो. मोसंबीवाल्यांना ही चुनखडी नको असते. तिच्यामुळं जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मग जमिनीत आम्ल तयार व्हावं म्हणून गंधकाची पोती आणा, लोहासाठी हिराकस फवारा.

[दृश्य: बर्फाळ जंगल.]

हे अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर, हबर्ड ब्रूकचं जंगल. १९६३ साली शास्त्रज्ञांनी इथलं पावसाचं पाणी तपासलं. स्वच्छ पावसाचा सामू (pH, आम्लता मोजायचं माप) साधारण ५.६ असतो, इथं तो ४ च्या आसपास भरला. सामू एका अंकानं उतरला की आम्लता दहापट होते. दूरच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाचं गंधक वाऱ्यावर शेकडो किलोमीटर येऊन पाऊस, बर्फ, धुक्यातून आम्ल होऊन उतरत होतं.

अशा आम्ल पावसानं झाड उभ्या उभ्या करपत नाही. मार बसतो तो मातीत. ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकांवरची ही माती, कॅल्शियम मुळातच थोडं. आम्लानं ते धुऊन नेलं, आणि एरवी मातीत बांधलेलं ॲल्युमिनियम सुटं केलं. ते मुळांशी आलं की उरलंसुरलं कॅल्शियमही झाडाला घेता येत नाही. मग लाल स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुयांना, म्हणजे सुईसारख्या पानांना, थंडी सोसत नाही. हिवाळ्यात त्या तांबूस होऊन गळतात, आणि झाडाची वाढ खुंटते. शुगर मेपल हे झाडही असंच खंगलं.

१९९९ मध्ये तिथल्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकल्या. मेपल सावरले, स्प्रूसच्या सुया थंडीत टिकू लागल्या. आपल्याकडं जे नकोसं झालंय, ते तिकडं हेलिकॉप्टरनं टाकावं लागलं!

[दृश्य: परळी, धुरांडी.]

कोळसा मराठवाड्यातही जळतो. परळीचं औष्णिक केंद्र १९७१ साली सुरू झालं. पण इथली काळी जमीन बेसॉल्टची, सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५. आम्ल उतरलंच तर चुना त्याला मारतो. शिवाय जमिनीतून उडणारी चुन्याची धूळ बरंचसं आम्ल हवेतच शमवते. पानांवर बसणाऱ्या राखेचं दुखणं निराळं, ते यात मोजू नका.

मात्र सगळा मराठवाडा बेसॉल्टवर नाही. नांदेड जिल्ह्यात, देगलूरकडं, ग्रॅनाइट लागतो. तिथल्या हलक्या मातीकडं चुन्याची एवढी शिल्लक नसते. त्यामुळं आम्ल पावसाचा माग काढायचाच, तर सामू आधी तिथल्या मातीचा घ्यायला हवा.