खरखर येते कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी सकाळी मी इंटरनेट बंद ठेवतो आणि जुने रेडिओ उघडून बसतो. इंटरनेटशी माझं भांडण नाही. बँकेची कामं, मुलांचे फोन, सगळं त्यावरच चालतं. पण आठवड्यातला थोडा वेळ तरी हाताला असं काम हवं, ज्यात मध्येच कुणी टुणकन् निरोप पाठवत नाही. मला ते काम वॉल्व्हच्या, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, रेडिओत सापडलं.

वॉल्व्हचा सेट तुमच्यापैकी अनेकांच्या घरात होता, त्यामुळे तो कसा दिसतो हे सांगत बसत नाही. आत काय बिघडतं एवढं सांगतो. बहुतेक वेळा वॉल्व्ह चांगलेच असतात, बिघडतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. फिल्टर कंडेन्सरच्या आतला ओलावा वर्षानुवर्षांत सुकतो आणि मग स्पीकरमधून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येत राहतो. तो बदलला, डायलचा तुटलेला दोरा नव्याने ओवला, व्हॉल्यूमचा खरखरणारा कंट्रोल साफ केला, की निम्मं काम झालं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. वॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो. मागची फळी काढण्याआधी पिन भिंतीतून काढायची. आणि पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते, ती रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, लावून उतरवायची. पुन्हा सांगतो: आधी पिन काढा, मग कंडेन्सर रिकामा करा, आणि मगच आत हात घाला. शिकवणारं कुणी जवळ नसेल तर वॉल्व्हच्या सेटला हात लावूच नका, साध्या ट्रान्झिस्टरपासून सुरुवात करा.

आता आमच्या शेजारच्या काकूंच्या रेडिओची गोष्ट सांगतो.

सेट त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेला. मागची फळी काढली तर आत परवान्याचं पुस्तक. ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायला परवाना लागायचा आणि पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. फळीच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशाही चिकटवलेला होता. कंपनी स्वतःच सांगत होती, बाबा रे, हे असं जोडलंय, बिघडलं तर असं दुरुस्त कर. आज फोन गोंदाने चिकटवून विकतात. नकाशा द्यायचं तर राहोच, साधा स्क्रूसुद्धा ठेवत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो, आणि नव्या वस्तूसोबत नकाशा देणं कायद्याने सक्तीचं करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

असो. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ, सुटे भाग मिळतात. तिथून कंडेन्सर आणले, डाग दिले, घरी सेट लावला. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर खणखणीत. मोठ्या समाधानाने तो काकूंकडे पोचवला, पिन लावली, वॉल्व्ह तापले, आणि आवाज आला तो नुसता 'कर्रर्र'. निवेदिकेचा एक शब्द कळेना. काकूंचा नातू म्हणाला, "काका, हा आता म्हातारा झाला."

मी खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढला, तोही मीडियम वेव्हवर लावला आणि घरभर फिरू लागलो. नातू मागे. दिवाणखान्यातल्या एलईडी दिव्याखाली खरखर वाढली. दिवा बंद केला, थोडी कमी झाली. स्वयंपाकघरात फोन नसलेला चार्जर तसाच लटकत होता. तो काढला, आणखी कमी. शेवटी टीव्हीच्या कपाटापाशी आलो, तर ट्रान्झिस्टर अक्षरशः ओरडू लागला. तिथे एका एक्स्टेन्शन बोर्डवर राऊटरचा अडॅप्टर होता.

मी काकूंकडे पाहिलं. आत सूनबाई लॅपटॉपवर, नातवाचा फोनवर खेळ अर्धवट. काकू म्हणाल्या, "बंद कर रे तो खटका."

खटका पडला आणि रेडिओतून तो आवाज स्वच्छ आला: "आकाशवाणी, पुणे." प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या. सूनबाई "नेट गेलं का?" म्हणत बाहेर आल्या आणि तिथेच उभ्या राहून ऐकू लागल्या.

नातवाने लगेच विचारलं, असं का झालं? या अडॅप्टरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्यातून निघणारा गोंगाट थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये पसरतो. दोष रेडिओचा नव्हताच. लक्षात ठेवा: खरखर आली की आधी रेडिओ उघडू नका, आधी घरातले चार्जर आणि अडॅप्टर बंद करून पाहा.

दुसऱ्या दिवशी मी अडॅप्टरच्या वायरवर बसवायची फेराइटची रिंग नेली. तिने गोंगाट कमी होतो, रेडिओ आणि इंटरनेट दोन्ही एकत्र चालू शकतात. काकूंनी रिंग हातात घेऊन पाहिली आणि खणात ठेवून दिली. "राहू दे. बातम्यांच्या वेळी बंदच बरं आहे."

जाता जाता, नाट्यसंगीत कानात बोंडं घालून एकट्याने ऐकू नये, स्पीकरवर चारजणांनी मिळून ऐकावं, हेही माझं जुनं म्हणणं आहे.

तो नातू आता बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ करतोय. तुम्हालाही करता येईल. प्लॅस्टिकच्या पाइपवर एनॅमलच्या तारेचे वेढे, एक ट्यूनिंग कंडेन्सर, जर्मेनियमचा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), क्रिस्टलचा इअरफोन, गच्चीवर लांब तार आणि जमिनीत अर्थिंग. केंद्राचं प्रक्षेपण जवळ हवं, म्हणजे लहरींच्याच शक्तीवर आवाज येतो. ढग गडगडत असताना मात्र ही तार घरात जोडलेली ठेवू नका. आणि डायोड जर्मेनियमचाच मागा. दुकानदार सिलिकॉनचा पुढे करतो, त्यावर कमी ताकदीचा आवाज उमटत नाही.

नमस्कार.