फेरेटच्या पाठीतली कांडी

[दृश्य : दवाखान्याचं टेबल. टॉवेलवर गुंगी दिलेला फेरेट.]

अंगलट मुंगसाची, पण कूळ पाणमांजराचं. हा फेरेट. एके काळी युरोपात त्याला सशांच्या बिळात सोडायला पाळत. आता नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिकेत तो सोफ्यावर लोळतो.

डॉक्टर दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरतात. जाड सुई आत जाते, दट्ट्या दाबला जातो, सुई बाहेर. टाका नाही. आत राहिली ती जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीची पांढरी कांडी. औषधाचं नाव डेस्लोरेलिन, बाजारात ‘सुप्रेलोरिन’. मात्रा 9.4 मिलिग्रॅम. पामतेलाच्या घट्ट चरबीत मिसळलेलं हे औषध महिनोन्‌महिने कणाकणानं झिरपतं. कांडी काढावी लागत नाही, आतच विरते.

ही कांडी फेरेटला काही काळ नापीक ठेवते. मग सरळ नसबंदीचं ऑपरेशनच का नाही?

[दृश्य : शेपटीकडून केस गळालेली मादी.]

आधी मादीचं बघू. फेरेटची मादी माजावर आली, की नराशी संग झाल्याशिवाय तिचं बीज सुटत नाही. नर मिळाला नाही तर ती महिनोन्‌महिने माजावरच राहते. अंगात इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन साचत जातं, हाडांतला मगज रक्त बनवणं थांबवतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. पुष्कळदा ती मरतेच. तेव्हा काहीतरी करणं भाग होतं. वर्षानुवर्षं उत्तर एकच होतं : अंडाशय काढा, नराचे अंडकोष काढा.

ऑपरेशनं व्यवस्थित व्हायची. गडबड उमटायची काही वर्षांनी. शेपटीपासून केस गळायचे, अंगाला खाज सुटायची. अंडाशय काढलेल्या मादीची योनी माजावर आल्यासारखी सुजायची. नराची प्रोस्टेट वाढून लघवी तुंबायची. दोष निघाला मूत्रपिंडांशेजारच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत.

मेंदूचा हुकूम त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरीचा अंडकोषांना, आणि अंडकोषांतलं टेस्टोस्टेरॉन उलट मेंदूला कळवतं की आता पुरे. अंडकोष काढले, की ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरत नाही. पिट्युटरी हुकूम सोडतच राहते. रिकाम्या घराची कडी कुणी वाजवत राहावी आणि शेवटी शेजाऱ्यानं दार उघडावं, तसं होतं. फेरेटमध्ये हा शेजारी म्हणजे अ‍ॅड्रिनल. ती सेक्स हार्मोन बनवू लागते, फुगते, कधी तिथं गाठ होते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी 2000 साली दाखवलं, की ऑपरेशन आणि आजार यांत साधारण साडेतीन वर्षांचं अंतर पडतं.

कांडी हा हुकूमच बंद करते. डेस्लोरेलिन हे मेंदूच्या संदेशाचीच नक्कल आहे, फक्त अखंड चालणारी. सुरुवातीला पिट्युटरी उसळते, त्यामुळे पहिले काही आठवडे नर उलट जास्तच चेकाळू शकतो. मालकाला हे आधी सांगितलं नाही, तर दवाखान्यात फोन ठरलेला. मग पिट्युटरी दाद देईनाशी होते, अंडकोष आक्रसतात.

[दृश्य : दोन नर एकमेकांवर लोळताना.]

2008 साली उट्रेख्तमधूनच आणखी एक अभ्यास आला. 21 नर, तीन गट : ऑपरेशनचा, कांडीचा आणि औषध नसलेल्या कांडीचा. फेरेटच्या अंगाला उग्र दर्प असतो, मालकांची ती नेहमीची तक्रार. हा दर्प सगळ्यांत कमी निघाला कांडीवाल्यांत. ऑपरेशन झालेल्यांपेक्षाही कमी. ही गोष्ट मला तरी अनपेक्षित वाटली.

अर्थात कांडी जादू नाही. नरांमध्ये असर साधारण 16 महिने, मग नवी कांडी. आधीच गाठ झाली असेल तर लक्षणं ओसरतात, गाठ राहते.

कुत्र्यांचं गणित वेगळं. तिथं 4.7 मिलिग्रॅमची कांडी निदान सहा महिने नर कुत्र्याला नापीक ठेवते, 9.4 ची वर्षभर. कायमचं ऑपरेशन करण्याआधी कुत्र्याच्या स्वभावात काय फरक पडतो, हे मालकाला त्या मुदतीत पाहता येतं.

आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना मात्र ऑपरेशनच बरं. दर वर्षी तोच कुत्रा, त्याच कोपऱ्यावर, मुकाट्यानं गाडीत चढेल असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा त्या गाडीमागून फिरून पाहावं.