बेसिनखालचे आठ इंच

(दृश्य: लातूर. बांधकाम चालू असलेलं घर. न्हाणीघराच्या भिंतीत पाइपासाठी झिरी (खाच) मारलेली आहे, टाइल्स अजून लागायच्या आहेत.)

या भिंतीवर बेसिन चढायला अजून अवकाश आहे. पण त्याच्या खालची जोडणी सरळ दिसणार की वेडीवाकडी, ते आजच ठरतंय. टाइल्स लागल्यावर पाइपाचं तोंड अर्धा इंचही सरकवता येत नाही. मग पाइप वाकवून, ताणून, निपलवर निपल (आट्यांचे छोटे जोड-तुकडे) चढवून वेळ मारून न्यावी लागते.

म्हणून बेसिन आणि नळ आधी विकत घ्यावेत, झिरी नंतर मारावी. आपल्याकडे बहुतेक घरांत याच्या उलट होतं.

मापं घ्यायची ती तयार फरशीपासून. आत्ता खाली नुसता कोबा आहे. त्यावर मसाला आणि टाइल मिळून दोन-तीन इंच चढतील. कोब्यापासून मोजलं तर सगळं तेवढंच खाली येतं. लेव्हल नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) घरभर एकच खूण फिरवून घेतलेली असेल, तर ही चूक होत नाही.

बेसिनची वरची कड फरशीपासून 32 इंच. साध्या पिलर कॉकसाठी (बेसिनवर उभा बसणारा नळ) अँगल कॉकचा, म्हणजे भिंतीतून नळाला पाणी देणाऱ्या छोट्या कॉकचा, मध्य 22 इंच. सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड 18 ते 20 इंच, बेसिनच्या बरोबर मध्यावर. पिलर कॉकची शेपटी, म्हणजे बेसिनखाली येणारं आट्यांचं टोक, फरशीपासून साधारण 30 इंचांवर संपते. म्हणजे अँगल कॉकपासून नळापर्यंत उरले आठ इंच. सगळी जोडणी एवढ्यातच बसवायची आहे.

गरम-थंड दोन्ही लाइनी असतील तर समोरून पाहताना गरम डावीकडे, थंड उजवीकडे. दोन तोंडांमध्ये पुष्कळ ठिकाणी सहा इंच अंतर ठेवतात. पण मधे बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या वाटेवरची, वास अडवणारी पाण्याची वाटी) आला की तिथे पाना फिरत नाही. आठ इंच ठेवलेलं बरं.

एका दांडीचा मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) बसवायचा असेल तर हिशोब बदलतो. त्याच्यासोबत येणाऱ्या नळ्या बहुधा 18 इंचांच्या आसपास असतात, आणि त्या कापून आखूड करता येत नाहीत. अशा वेळी अँगल कॉक 22 इंचांवर घेतला तर उरलेल्या नळीचं वेटोळं बेसिनखाली लोंबत राहतं. नळी मोजा आणि अँगल कॉक त्या मानाने खाली, 18 ते 20 इंचांवर घ्या.

मिक्सर घेण्याआधी गच्चीवरची टाकीही बघावी. टाकीचं पाणी नळापासून दहा फूट उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम 0.3 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). पुष्कळ मिक्सरना निदान अर्धा किलो दाब लागतो. एकमजली घरात साधा पिलर कॉक जास्त पाणी देतो आणि त्याची दुरुस्ती गावातच होते.

(दृश्य: झिरीतला पाइप. ब्रास एल्बोचं तोंड जवळून.)

पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपाच्या टोकाला अर्धा इंची पितळी आट्यांचा एल्बो (काटकोनी जोड). नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यांत पितळी अँगल कॉक आवळला की फिटिंग चिरतं, आणि ती चीर भिंतीच्या आत असते. इथे पैसे वाचवू नयेत.

एल्बोचं तोंड टाइलच्या तयार पृष्ठभागाला बरोबर यायला हवं, फार तर चार-पाच मिलिमीटर आत. बाहेर आलं तर फ्लँज (कॉकमागची गोल चकती) भिंतीला टेकत नाही. खूप आत गेलं तर एक्स्टेन्शन निपल लावावा लागतो, आणि प्रत्येक निपल म्हणजे गळतीची आणखी एक जागा. प्लास्टरपूर्वी एल्बोत फूटभराचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा तुकडा हाताने फिरवून बसवा. तो तुकडा भिंतीशी गुण्यात (काटकोनात) आहे का, दोन तुकडे एकमेकांना समांतर आहेत का, ते पाहा. छोट्याशा एल्बोत न दिसणारा तिरकेपणा फूटभराच्या दांडीवर लगेच दिसतो.

मग तुकडे काढून डमी (तोंड बंद करणारी बुचं) लावा. पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, आणि हातपंपाने लाइनला 10 किलो दाब द्या. तासभर काटा हलता कामा नये. हे झाल्याशिवाय गवंड्याला झिरी बुजवू देऊ नका.

जुन्या माळवदाच्या घरांत, दगड-मातीच्या जाड भिंतींत, हे सगळं असंच जमत नाही. तिथे बेसिन टांगायचे रॅक बोल्ट मातीत धरत नाहीत. बोल्टच्या जागी भिंत कोरून काँक्रीट भरावं आणि ते पूर्ण घट्ट झाल्यावर भोकं पाडावीत. नाहीतर पायावर उभं राहणारं बेसिन घ्यावं.

(दृश्य: टाइल्स लागल्या आहेत. बेसिन पोत्यावर उलटं ठेवलं आहे.)

बेसिन भिंतीवर चढवण्यापूर्वीच त्यात नळ आणि वेस्ट कपलिंग (तळाच्या भोकातला सांडपाण्याचा जोड) बसवून घ्या. उलट्या ठेवलेल्या बेसिनवर चेक नट दोन मिनिटांत आवळला जातो. तोच नट भिंतीवर चढवल्यानंतर, उताणं पडून, अंधारात आवळायचा म्हणजे बेसिन पाना असूनही जीव मेटाकुटीला येतो. नळाच्या बुडाशी रबरी वॉशर, खालून दुसरा वॉशर, मग नट. चिनी मातीवर धातू थेट टेकू देऊ नका, बेसिनला तडा जातो.

आता अँगल कॉक. आधी फ्लँज आट्यांवर चढवा. हे विसरलं की सगळं उघडून पुन्हा टेप गुंडाळावी लागते. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, ताणून, दहा-बारा वेढे. पहिली आटी मोकळी ठेवा, म्हणजे टेपचा तुकडा पाण्यात उतरत नाही. उलट्या दिशेने गुंडाळलेली टेप आवळताना गोळा होऊन बाहेर येते.

अँगल कॉक आवळताना त्याचं तोंड शेवटी बरोबर वर आलं पाहिजे. थोडं पुढे गेलं म्हणून मागे फिरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. फिरवू नका. मागे फिरलेल्या आट्यांत टेप सैल पडते आणि काही दिवसांनी फ्लँजमागून ओल येते. काढा, टेप बदला, एक-दोन वेढे कमी-जास्त करून पुन्हा बसवा. कॉकवर पाना लावताना मधे कापड घ्या, क्रोम ओरबाडत नाही.

लगेच नळी जोडू नका. खाली बादली धरा, अँगल कॉक पूर्ण उघडा आणि पाणी वाहू द्या. लाइनमधे वाळू, पाइपाचा कीस, वाळलेल्या सोल्युशनचे कण असतात. टाकी टँकरने भरत असेल तर गाळही असतो. हे सगळं थेट नळात गेलं की नवा नळ पहिल्याच आठवड्यात टपकायला लागतो. बादलीतलं पाणी फरशी पुसायला वापरता येईल.

(दृश्य: तीन लांबींच्या स्टीलच्या जाळीच्या नळ्या शेजारी शेजारी.)

दुकानात कनेक्शन पाइप मागितला की बहुतेक वेळा 18 किंवा 24 इंची हातात येतो. आपलं अंतर आहे आठ इंच. सुतळीने अँगल कॉकपासून नळापर्यंत सैलसर वळण देऊन मापा आणि त्या लांबीचा मागा. इथे 12 इंची पुरतो. आखूड पाइप ताणून बसवला तर नटाजवळ मुरगळतो आणि तिथेच फुटतो. लांब पाइप भिंतीवर घासतो आणि केरसुणीत अडकतो.

नळीच्या दोन्ही टोकांना आत रबरी वॉशर असतो. पाणी अडवतो तो वॉशर, आट्या नाहीत. तिथे टेप लावायची नाही. जाड टेपमुळे नट शेवटपर्यंत चढत नाही, वॉशर दबत नाही आणि गळती सुरू होते. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. एवढं पुरतं. त्याहून जास्त आवळलं की वॉशर कापला जातो. आवळताना नळीला दुसऱ्या हाताने धरा, तिला पीळ पडू देऊ नका.

बॉटल ट्रॅप हाताने आवळावा. त्याची खालची वाटी उघडून केस आणि साबणाचा गाळ काढता येतो, म्हणून तिच्याखाली वीतभर जागा मोकळी ठेवा. न वापरल्या जाणाऱ्या बेसिनच्या ट्रॅपमधलं पाणी एप्रिल-मे महिन्यांत आटतं आणि वास व झुरळं वर येतात. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

(दृश्य: नळाच्या जाळीवर साचलेला पांढरा थर.)

मराठवाड्यात काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. त्यातला क्षार नळाच्या जाळीवर आणि अँगल कॉकच्या आत बसतो, गरम बाजूला जास्त. जाळी काढून लिंबूसताच्या पाण्यात तासभर ठेवा. फरशी धुवायचं ॲसिड वापरू नका, ते क्रोम खातं. अँगल कॉक महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षाराने जाम होतो आणि नळी फुटलेल्या दिवशीच बंद होत नाही.

आता तपासणी. सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर राहू द्या. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला साधारण चार लिटर पाणी जातं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथे चार लिटर थोडे नाहीत.

सकाळी टाकी पूर्ण भरा आणि पुन्हा बघा, कारण भरलेल्या टाकीचा दाब जास्त असतो. कागदावर डाग कुठे पडला आहे त्यावरून सांधा ओळखता येतो. भिंतीलगत डाग असेल तर अँगल कॉकची टेप. नळाच्या सरळ खाली असेल तर नळीचा वरचा वॉशर. मधोमध असेल तर वेस्ट कपलिंग, आणि तिथे बेसिनमधे पाणी भरून एकदम सोडल्याशिवाय गळती दिसत नाही.