दहनाची व्यवस्था : आधी काय ठरवावे, मागे काय ठेवावे

श्रोतेहो, नमस्कार. घरातले माणूस गेल्यावर पहिल्या काही तासांत एकामागून एक निर्णय घ्यावे लागतात आणि नेमके त्याच वेळी कोणाचेही चित्त ठिकाणावर नसते. म्हणून दहनापूर्वीच काय ठरवले पाहिजे आणि काय सवडीने ठरवले तरी चालते, एवढेच आज सांगणार आहे.

दहनानंतर देहाची पुन्हा तपासणी होऊ शकत नाही, म्हणूनच परवानगीची कागदपत्रे काटेकोरपणे पाहिली जातात. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला सर्वांत आधी मिळवावा. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असल्यास चौकशी आणि शवविच्छेदन आटोपेपर्यंत थांबणे भाग असते. तिथे घाई करून काही साधत नाही. नेत्रदान करायचे असेल तर मात्र घाईच करावी, कारण ते साधारणतः सहा तासांच्या आत व्हावे लागते.

पुष्कळांच्या लक्षात न येणारी बाब म्हणजे पेसमेकर. छातीच्या कातडीखाली बसवलेल्या या उपकरणाची बॅटरी दाहिनीच्या उष्णतेने फुटते. त्यात दाहिनीचे नुकसान होते आणि कर्मचाऱ्यांनाही इजा होऊ शकते. जाणकार व्यक्ती लहानसा छेद घेऊन ते काढू शकते, पण ते बसवलेले आहे हे घरच्यांनी सांगायला हवे. कृत्रिम सांधे आणि हाडांतल्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात, त्यांचा धातू नंतर वेगळा करतात. सुजलेल्या बोटातली अंगठी साबणाच्या पाण्याने अलगद निघते का, हे घरीच पाहावे; दहनानंतर ती परत मिळण्याची आशा धरू नये.

बंद दाहिनीत तापमान साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस असते आणि दहनाला बहुधा दीड ते तीन तास लागतात. मागे उरतात ते हाडांचे पांढुरके, ठिसूळ तुकडे. प्रौढ माणसाच्या अस्थींचे वजन सामान्यतः दोन-तीन किलो भरते, म्हणून पात्र त्या मानाने घ्यावे. काही ठिकाणी हे तुकडे यंत्रात दळून भुकटी करून देतात. तुकडे तसेच हवे असतील, तर ते दहनापूर्वीच सांगून ठेवावे.

गेलेल्या व्यक्तीने आपली इच्छा लिहून ठेवली असेल, तर भावंडांमधले बरेचसे वाद उद्भवतच नाहीत. तसे लिखाण नसेल, तर दाहिनीच्या दाराशी चर्चा करण्यापेक्षा एकाच व्यक्तीला निर्णयाचा अधिकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अस्थींचे काय करायचे, हे मात्र खुशाल मागे ठेवावे. नीट बंद करून कोरड्या जागी ठेवल्यास त्या खराब होत नाहीत, त्यामुळे दूरदेशीच्या नातलगांची वाट पाहता येते. त्या विमानाने न्यायच्या असतील, तर दहनाचा दाखला जवळ बाळगावा आणि जाड धातूचे पात्र टाळावे. तपासणीच्या क्ष-किरणांना आत काय आहे ते दिसले नाही, तर पात्र विमानतळावरच अडकून पडते.