कबड्डीचं मध्यंतर: पाच मिनिटांत लेझीम कशी बसवायची

नमस्कार श्रोतेहो. हिवाळा लागला की गावोगावी प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. वरिष्ठ पुरुष गटात वीस मिनिटांचा पूर्वार्ध, वीस मिनिटांचा उत्तरार्ध आणि मध्ये पाच मिनिटांचं मध्यंतर. त्या पाच मिनिटांत लेझीम ठेवायची हौस बहुतेक मंडळांना असते, आणि बहुतेक ठिकाणी उत्तरार्ध त्यामुळेच उशिरा सुरू होतो.

पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. पथक आत यायला तीस, बाहेर जायला तीस. मैदान पुन्हा खेळण्याजोगं करायला किमान शंभर. म्हणजे प्रत्यक्ष खेळाला उरली सव्वादोन मिनिटं, फार तर पाच सेकंद जास्त. कार्यक्रम बसवायचा तो या हिशेबावर. आठ मिनिटांची लेझीम बसवून ऐन वेळी कापत बसलात, तर शेवट कुठे करायचा हे हलगीवाल्यालाही कळत नाही.

आता गणित बघा. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली, तर आठ ठोक्यांचा एक प्रकार चार सेकंदांत होतो. तो आठ वेळा केला की बत्तीस सेकंद. असे चारच प्रकार घ्या: आठ आवाज, पवित्रा, बैठक आणि शेवटी पुढे-मागे फलांग. झाली दोन मिनिटं आठ सेकंद. पाचव्या प्रकाराचा मोह टाळा. बैठक तिसरी ठेवायची, कारण ती शेवटी घेतली तर मुलं दमून उठतात आणि बाहेर पडायला रेंगाळतात. फलांगा मारत मात्र थेट बाहेरच निघता येतं.

मुलं सोळा पुरेत. हात पूर्ण पसरून लेझीम उघडली तरी शेजाऱ्याला लागू नये, एवढं अंतर लागतं. चोवीस जण घुसवले की लेझमी एकमेकींत अडकतात. आठ-आठच्या दोन रांगा समोरासमोरच्या बाजूंनी आत आणा. सगळे एकाच दारातून आले, की तीस सेकंदांची सत्तर होतात.

मॅट असेल तर तिच्यावर लेझीम खेळवूच नका. लेझमीच्या चकत्या ज्या तारेत ओवलेल्या असतात ती तुटते, कडी उघडते आणि पत्र्याचा तुकडा मॅटवर पडतो. पुढच्या चढाईत पकड झाली की तोच कुणाच्या तरी कोपरात घुसतो. मॅटच्या बाहेर, प्रेक्षकांच्या बाजूला रांगा लावा. मातीचं मैदान असेल तर मधली रेषा, निदान रेषा, बोनस रेषा, सगळ्यांची फक्की पायांनी पुसली जाते. फक्कीचा डबा आणि दोरी घेऊन दोन माणसं कडेला तयार हवीत. सामन्याआधी पाणी शिंपडलेलं नसेल, तर बत्तीस पायांचा फुफाटा समोरच्या रांगेच्या डोळ्यांत जातो. गुलाल, फुलांच्या पाकळ्या, कागदी चमकी: तिन्ही बंद. पाय घसरतो.

वाद्यांकडे वळू. हलगी, घुमकं, कैताळ एवढं पुरेसं आहे. रात्री दव पडलं की हलगीचं कातडं उतरतं आणि आवाज भदभद येतो. मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी ती शेकून घ्यायची, मांडवापासून लांब. आणि वादक गुणलेखकांच्या टेबलाशेजारी उभे करू नका. पूर्वार्ध संपताना ज्या संघाचे जितके खेळाडू मैदानात असतात, तितक्यांनीच उत्तरार्ध सुरू होतो. तो आकडा आणि गुण याच वेळात ताडून बघायचे असतात. कानाशी हलगी कडाडत असताना पंचांचं बोलणं गुणलेखकाला कसं ऐकू येणार?

मल्लखांब हवा, अशी सूचना बैठकीत हमखास येते. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती, पण तो स्वतंत्र कार्यक्रम होता. खांबाला एरंडेल लावलेलं असतं. उतरणाऱ्याच्या अंगाचं तेल मॅटवर लागलं की शंभर सेकंदांत ते निघत नाही. दाखवायचाच असेल तर खांब सकाळीच मैदानाच्या कोपऱ्यात पुरून ठेवा आणि सामन्यांच्या मधल्या वेळात दाखवा.

अमेरिकेत सुपर बोलचं, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं, मध्यंतर जवळजवळ अर्धा तास ताणतात. तिथे गायकासाठी अख्खा रंगमंच ढकलत आणतात. त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडे धुराची यंत्रं मागवणारे आहेत. धूर मात्र उत्तरार्धातही रेंगाळतो.

खरा घोळ लेझमीने होतच नाही, होतो तो सत्काराने. एक शाल, एक श्रीफळ, एक फोटो: माणशी अर्धं मिनिट. दहा पाहुणे म्हणजे अख्खं मध्यंतर. त्यांचा मान अंतिम सामन्याआधी करा. निवेदकालाही दहाच सेकंद द्या, पथकाचं नाव आणि गाव सांगण्यापुरती.

पथकाच्या शिक्षकाने शिट्टी आणि घड्याळ घेऊन पंचांना दिसेल असं उभं राहावं. पूर्वार्धाच्या शेवटच्या चढाईत कुणी जायबंदी होऊन मैदानातच पडलं असेल, तर पंचांचा हात वर होताच लेझीम रद्द. वाद्यं खाली, मुलं जागच्या जागी बसती.