कवटी, घुमट आणि अळंबी

नमस्कार श्रोतेहो.

शिल्पाविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. ते दाखवता येत नाही, आणि आजचं शिल्प तर असं, की ते कशासारखं दिसतं हे सांगू लागलं की दर वाक्याला आपलंच मत बदलतं. तेव्हा आपण असं करू. हात मोकळे असतील तर डावा हात समोर धरा. बोटं वर, जराशी वाकलेली, मधे फटी राहतील अशी. आता उजव्या हाताचा पंजा, वाटी उपडी घालावी तसा, त्या बोटांवर टेकवा. वर गोल पाठ, खाली खांब आणि खांबांमधून आरपार उजेड. हाच आकार 12 फूट उंच करा, ब्राँझमध्ये ओता आणि अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या आवारात, एलिस अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला नेऊन ठेवा. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'न्यूक्लिअर एनर्जी' हे शिल्प साधारण असं आहे.

आता हे तिथंच का, तर त्या जागेला एक गोष्ट चिकटलेली आहे. तिथं पूर्वी विद्यापीठाचं मैदान होतं, स्टॅग फील्ड नावाचं. विद्यापीठानं आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ 1939 साली बंद केला आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या ओस पडल्या. त्या पायऱ्यांखाली रॅकेटनं खेळायचं एक बंदिस्त कोर्ट होतं. दुसरं महायुद्ध चालू असताना एन्रिको फर्मी हा इटालियन भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या कोर्टात एक रास रचली. अक्षरशः रासच, इंग्रजीतही तिला 'पाइल' म्हणजे ढीगच म्हणत. पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट, त्याचे ठोकळे, एकावर एक 57 थर, आणि अधूनमधून पेरलेलं युरेनियम. ठोकळे कापता-रचताना ग्रॅफाइटची भुकटी अशी उडायची, की काम करणारी माणसं संध्याकाळी कोळशाच्या खाणीतून वर आल्यासारखी काळीठिक्कर दिसत. ही कोळशाची खाण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

2 डिसेंबर 1942. कडाक्याची थंडी. एक जण राशीत खुपसलेली, अभिक्रिया रोखून धरणारी सळई थोडी थोडी बाहेर ओढतोय, फर्मी हातातल्या गणनपट्टीवर आकडेमोड करतोय. एक जण कुऱ्हाड घेऊन उभा. का, तर काही बिघडलंच तर दोर तोडायचा, म्हणजे वर टांगलेली दुसरी सळई धाडकन आत पडून सगळं थांबेल. जगातल्या पहिल्या अणुभट्टीची सुरक्षा व्यवस्था काही अंशी एका कुऱ्हाडीवर होती! दुपारच्या आधी एक सळई आपोआप आत पडली, सगळे दचकले, आणि फर्मी म्हणाला, भूक लागली, जेवून येऊ. मला त्या सगळ्या प्रसंगात हा जेवणाचा भाग फार आवडतो. जेवून आल्यावर, साडेतीनच्या सुमारास, माणसानं घडवलेली पहिली नियंत्रित साखळी अभिक्रिया, म्हणजे एक अणू फुटला की त्यानं पुढचे फोडत जायचं, ती सुरू झाली. 28 मिनिटं चालली. शक्ती निघाली अर्धा वॉट. एवढ्यात विजेरीचा दिवासुद्धा धड लागला नसता. मग कुणीतरी इटालियन वाइनची बाटली काढली, कागदी पेल्यांतून घोट घोट घेतले. टाळ्या वगैरे नाहीत. अडीच-पावणेतीन वर्षांत हिरोशिमा झालं.

पायऱ्या 1957 साली पाडल्या. पुढं विद्यापीठाला वाटलं, या जागी काहीतरी हवं. 1963 साली विद्यापीठाची माणसं इंग्लंडमधल्या एका खेड्यात मूरच्या घरी जाऊन बसली.

आता मूरकडे बघा. बाप यॉर्कशरमधल्या कॅसलफर्डचा कोळसा खाणीतला कामगार. स्वतः मूर पहिल्या महायुद्धात 1917 साली विषारी वायूत सापडलेला. दुसऱ्या महायुद्धात त्यानं सरकारसाठी चित्रं काढली, त्यांत 1942 च्या आसपासची खाणकामगारांची चित्रं आहेत. बाप जिथं राबला त्याच खाणीत उतरून केलेली. म्हणजे तिकडं शिकागोत शास्त्रज्ञ काळे होत होते, त्याच सुमाराला हा इकडं काळी माणसं कागदावर उतरवत होता. शिवाय अण्वस्त्रांविरुद्धच्या चळवळीचा तो उघड पाठीराखा. अशा माणसाला अणुभट्टीच्या जन्माचं स्मारक करायला सांगणं म्हणजे विद्यापीठाचं धाडस म्हणायचं की भाबडेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानं मात्र हो म्हटलं.

मूर स्वतः सांगायचा, की वरचा भाग मोठ्या अळंबीसारखा आहे, अणुस्फोटाच्या ढगासारखा, आणि त्याच वेळी कवटीच्या माथ्यासारखाही. खालचा भाग मात्र देवळाच्या बांधणीसारखा, कॅथेड्रलच्या कमानींसारखा. लोकांनी भोवती फिरावं, फटींतून पलीकडं पाहावं, असं त्याला वाटे. आता समोरून पाहा, घुमट अंगावर येतो. दोन पावलं सरकलात की त्याच घुमटाखाली ओसरीसारखा आडोसा दिसतो. आणखी सरका, डोळ्यांच्या खोबणी. कुठल्या जागी थांबावं हे शिल्प सांगत नाही.

लोक म्हणतात, ही अमूर्त शिल्पं कळत नाहीत, त्यांत ओळखीचं काही नसतं. मला हे पटत नाही. शेंदूर लावलेल्या तांदळ्याला नाक-डोळे नसतात, म्हणून कुणी तक्रार करत नाही. बघायची सवय असते, इतकंच. आणि इथं अडचण ओळखीचं काही नसण्याची नाहीच, ओळखीचं जास्त असण्याची आहे. फर्मीचा पुतळा उभारला असता तर तो गौरव झाला असता. जळालेल्या माणसाचा उभारला असता तर शोक. त्या कोर्टात घडलेली गोष्ट यांतल्या एकातही मावत नाही. त्याच साखळी अभिक्रियेतून बॉम्ब झाला, वीज झाली, रुग्णालयांतली किरणोत्सारी औषधं झाली. मूरनं चेहरा घातला नाही, म्हणून हे सगळं तिथं एकत्र नांदू शकतं.

2 डिसेंबर 1967 ला, बरोबर 25 वर्षांनी, दुपारी त्याच वेळेला शिल्पाचं अनावरण झालं. मागे आता विद्यापीठाचं भलंमोठं रेगेनस्टाइन ग्रंथालय आहे.

जाता जाता नावाची गंमत. मोठ्या शिल्पाआधी मूरनं त्याचा लहान नमुना केला होता. त्याला तो म्हणे 'ॲटम पीस'. पीस म्हणजे तुकडा, कलाकृती. पण इंग्रजीत उच्चार तोच, शांततेचा. विद्यापीठाच्या मंडळींना भीती वाटली, लोक 'अणू आणि शांती' ऐकतील, नसता अर्थ काढतील. म्हणून शिकागोत नाव पडलं 'न्यूक्लिअर एनर्जी', अणुऊर्जा. सरळ, कुणाला न टोचणारं. इंग्रजीत निदान लिहिताना तरी फरक कळतो. आपल्याकडं तोही नाही. लिहा किंवा बोला, पीस ते पीसच, आणि त्यात पक्ष्याचं पीस आणखी वेगळं.

त्या लहान नमुन्याची एक ब्राँझची प्रत आज एका संग्रहालयात आहे. जेमतेम 4 फूट उंच, वर तोच घुमट, खाली तेच खांब. नावही तेच जुनं, 'ॲटम पीस'. संग्रहालय हिरोशिमात आहे.

नमस्कार.